नव्या टर्मिनल विंडोत एका झटक्यात अनेक कमांड कशा चालवायच्या

सकाळी कामाला बसले की मला तीन टर्मिनल उघडी लागतात. एकात जँगोचा (पायथॉनमधल्या वेबसाइटचा) सर्व्हर, दुसऱ्यात सेलरीचा (मागे कामं उरकणारा) वर्कर, तिसऱ्यात लॉग, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदी. प्रत्येक विंडोत क्रम तोच: प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जायचं, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रकल्पापुरता वेगळा पायथॉन) चालू करायचं, मग खरी कमांड द्यायची. तीन त्रिक नऊ कमांड, रोज, हाताने. हे वाचवायला मी पहिली स्क्रिप्ट लिहिली तेव्हा तिने विंडो उघडली आणि पापणी लवायच्या आत बंदही केली. आत काय चुकलं ते वाचायलाही वेळ मिळाला नाही. हा प्रश्न मला नव्याने लिनक्सवर आलेल्या बहुतेक सहकाऱ्यांनी कधी ना कधी विचारला आहे, म्हणून सगळं एकदा नीट मांडते.

आधी लिहिण्याच्या पद्धतीबद्दल. या लेखात कमांडही देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. तुम्ही त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या आणि आकडेही इंग्रजी टाकायचे. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. ‘-सी’ म्हणजे एक आडवी रेघ आणि तिला चिकटून सी हे एकच अक्षर. स्पेलिंगची शंका आली तर पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करून टॅब दाबा, शेल, म्हणजे आपल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, उरलेलं नाव भरतो. फोल्डरची नावं मात्र खरोखर देवनागरीत ठेवता येतात, लिनक्सची त्याला काहीच हरकत नाही. उदाहरणांत ‘दुकान’ नावाचा प्रकल्प धरला आहे.

एका विंडोला एकच प्रोग्राम

बाकी सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून इथे थोडं थांबू. टर्मिनल विंडोला ‘कमांडची यादी’ हा प्रकार कळत नाही. उघडताना ती फक्त एक प्रोग्राम सुरू करते, त्याचं लिहिलेलं दाखवते, आपलं टाइप केलेलं त्याच्याकडे पोचवते आणि तो प्रोग्राम संपला की स्वतःही मिटते. एरवी हा प्रोग्राम म्हणजे आपला शेल असतो, बहुतेकांकडे बॅश. शेल आपण ‘एक्झिट’ म्हणेपर्यंत संपत नाही, म्हणून विंडो टिकून राहते.

आता उबुंटूवर ग्नोम टर्मिनलने (दुसरं टर्मिनल असेल तर लेखाच्या शेवटी पाहा) हे करून पाहा:

```
ग्नोम-टर्मिनल -- सीडी ~/दुकान && एलएस
```

इथे दोन चुका एकदम होतात. पहिली: ‘सीडी’ (फोल्डर बदलायची कमांड) नावाचा प्रोग्राम उबुंटूच्या डिस्कवर नाहीच. ती शेलच्या पोटातली कमांड आहे, म्हणून नवी विंडो ‘असा प्रोग्राम सापडत नाही’ अशी तक्रार करते. दुसरी चूक सहज दिसत नाही. ‘&&’ हे चिन्ह नव्या विंडोपर्यंत पोचतच नाही. तुम्ही ज्या जुन्या विंडोत टाइप करताय तिथला शेल ओळ वाचतानाच तिचे दोन तुकडे करतो. पहिला तुकडा नव्या विंडोला मिळतो आणि ‘एलएस’ (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) जुन्या विंडोतच चालतं.

त्यामुळे नव्या विंडोला द्यायचा एक प्रोग्राम म्हणजे पुन्हा शेलच, आणि आपल्या साऱ्या कमांड एका मजकुरात बांधून त्या शेलच्या हातात द्यायच्या:

```
ग्नोम-टर्मिनल -- बॅश -सी 'सीडी ~/दुकान && एलएस -एल; एक्झेक बॅश'
```

तुकड्या-तुकड्याने वाचू. दोन आडव्या रेघा सांगतात की टर्मिनलचे स्वतःचे पर्याय इथे संपले, यापुढचं सगळं चालवायच्या प्रोग्रामचं. ‘बॅश -सी’ म्हणजे ‘पुढचा मजकूर कमांड समजून चालव’. एकेरी अवतरणचिन्हं तो मजकूर बांधून ठेवतात, जुना शेल त्याला हात लावत नाही. आणि शेवटी ‘एक्झेक बॅश’: काम उरकल्यावर त्याच जागी ताजा, आपल्याशी बोलणारा शेल बसव. ‘एक्झेक’ नसेल आणि नुसतं ‘बॅश’ असेल तरी विंडो टिकते, पण एका शेलच्या आत दुसरा शेल अडकून राहतो. ‘एक्झेक’ने जुन्या शेलची जागा नवा घेतो, प्रोसेसचा क्रमांकही तोच राहतो.

जुन्या लेखांत ‘--’ ऐवजी ‘-ई’ किंवा ‘-एक्स’ दिसेल. ग्नोम टर्मिनलमध्ये ते पर्याय आता जुने ठरले आहेत. वापरले तर ‘पुढे काढले जातील’ असा इशारा येतो. नवी स्क्रिप्ट लिहिताना ते टाळा.

जोडणारी चिन्हं

अर्धविराम ‘;’ म्हणजे आधीचं जमो वा न जमो, पुढचं चालव. ‘&&’ म्हणजे आधीचं जमलं तरच. ‘||’ म्हणजे आधीचं फसलं तरच. एकटं ‘&’ म्हणजे आधीचं मागे चालू ठेव आणि थांबू नकोस.

‘सीडी’ नंतर नेहमी ‘&&’ लावा. याबाबत मी फार काटेकोर आहे, आणि कारण हे:

```
सीडी ~/तात्पुरते; आरएम -आर *
```

‘तात्पुरते’ फोल्डर काही कारणाने नसेल तर ‘सीडी’ फसतं, अर्धविराम त्याकडे दुर्लक्ष करतो आणि तुम्ही ज्या फोल्डरमध्ये आहात तिथलं सगळं पुसलं जातं. नव्या विंडोत हे आणखी धोक्याचं, कारण ती कुठल्या फोल्डरमध्ये उघडली हे आपण पाहिलेलंही नसतं.

‘क && ख || ग’ ही रचना पाहून वाटतं की ‘क जमलं तर ख, नाहीतर ग’. तसं नाही. क जमलं आणि ख फसलं तरीही ग चालतो. दोन्ही चिन्हांना सारखंच वजन आहे आणि ती डावीकडून उजवीकडे वाचली जातात. खरा ‘जर-तर’ हवा असेल तर ‘इफ’ लिहा.

‘सूडो’, म्हणजे व्यवस्थापकाचे अधिकार देणारी कमांड, ही अशाच गैरसमजाची जागा. ‘सूडो एपीटी अपडेट && एपीटी अपग्रेड’ मध्ये अधिकार फक्त पहिल्या कमांडला मिळतात. दोन्हींना वेगवेगळं ‘सूडो’ लावा. आणि ‘सूडो ग्नोम-टर्मिनल’ असं आख्खं टर्मिनल रूट (सर्वाधिकारी) म्हणून उघडू नका. विंडो साधीच ठेवा, अधिकार आतल्या कमांडपुरते मागा.

अवतरणचिन्हं: एकेरी की दुहेरी

हा प्रयोग करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. आपल्या घरच्या फोल्डरमध्ये उभे राहून चालवा:

```
ग्नोम-टर्मिनल -- बॅश -सी "सीडी /टीएमपी; इको $पीडब्ल्यूडी; एक्झेक बॅश"
```

(पीडब्ल्यूडी मोठ्या अक्षरांत.) नवी विंडो ‘टीएमपी’मध्ये जाते, पण छापते मात्र तुमच्या घरच्या फोल्डरचा पत्ता. दुहेरी चिन्हांत ‘$’ची किंमत जुना शेलच भरून टाकतो, विंडो उघडायच्या आधी. एकेरी चिन्हं लावा, उत्तर बरोबर येईल.

म्हणून सवय एकेरीची ठेवा. मग स्क्रिप्टमधली एखादी किंमत आत कशी पोचवायची? मजकूर तोडून मध्ये घुसवू नका, फोल्डरच्या नावात मोकळी जागा आली की ते मोडतं. मजकुराच्या पुढे वेगळी द्या:

```
ग्नोम-टर्मिनल -- बॅश -सी 'सीडी "$१" && एलएस; एक्झेक बॅश' _ "$फोल्डर"
```

मजकुरानंतरची पहिली गोष्ट, इथे नुसती खालची रेघ, शून्यावा क्रमांक घेते. तिथे काहीही चालतं, पण काहीतरी लागतंच. त्यानंतरची आतमध्ये ‘$१’ म्हणून मिळते. (व्हेरिएबलचं नाव मात्र रोमनमध्येच हवं, बॅशला तिथे देवनागरी चालत नाही.)

विंडो टिकवणं, आणि कंट्रोल-सीचा घोळ

विंडो टिकवायचे मार्ग बरेच आहेत. ‘एक्झेक बॅश’ आपण पाहिला. नुसता निकाल वाचून बंद करायचं असेल तर शेवटी ‘रीड’ लावा, म्हणजे एंटर दाबेपर्यंत विंडो थांबते:

```
ग्नोम-टर्मिनल -- बॅश -सी 'डीएफ -एच; रीड -पी "बंद करायला एंटर दाबा"'
```

ग्नोम टर्मिनलच्या प्रोफाइलमध्ये, कमांड संपल्यावर विंडो उघडी ठेवायची सोयही आहे. पण ती तुमच्या मशीनपुरती. स्क्रिप्ट दुसऱ्याला दिली की त्याच्याकडे विंडो पुन्हा मिटणार. मी स्क्रिप्टमध्येच सोय करते.

आता कंट्रोल-सी. समजा हे चालवलं:

```
ग्नोम-टर्मिनल -- बॅश -सी 'स्लीप ५००; एक्झेक बॅश'
```

आणि कंट्रोल-सी दाबलं. अपेक्षा अशी की ‘स्लीप’ (नुसती वाट पाहणारी कमांड) थांबेल आणि प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची खूण, येईल. प्रत्यक्षात आख्खी विंडो जाते. कंट्रोल-सीचा संदेश पुढे चालू असलेल्या सगळ्या गटाला जातो, त्यात आपला ‘बॅश -सी’ही आला. आतली कमांड त्या संदेशाने मेली असं पाहिलं की बॅशही तसाच मरतो, ‘एक्झेक बॅश’पर्यंत पोचतच नाही. गोंधळ वाढतो तो यामुळे की ‘पिंग’सारखे काही प्रोग्राम तो संदेश स्वतः हाताळून शहाण्यासारखे संपतात. तिथे बॅश जगतो आणि विंडो टिकते. त्यामुळे एकच स्क्रिप्ट एका कमांडला चालते, दुसरीला नाही, आणि माणूस चुकीच्या जागी दोष शोधत बसतो.

उपाय एका ओळीचा आहे:

```
ग्नोम-टर्मिनल -- बॅश -सी 'ट्रॅप : आयएनटी; स्लीप ५००; एक्झेक बॅश'
```

आयएनटी मोठ्या अक्षरांत. मधला विसर्गासारखा ‘:’ ही काहीही न करणारी कमांड आहे. म्हणजे बॅशला सांगितलं: हा संदेश आला तर काही करू नकोस, पुढे जा. ‘:’च्या जागी रिकामी अवतरणचिन्हं लिहू नका. तसं केलं तर तो संदेश ‘दुर्लक्षित’ ठरतो, तो वारसा आतल्या कमांडलाही मिळतो आणि मग ‘स्लीप’ कंट्रोल-सीने थांबतच नाही.

एलियस सापडत नाहीत, डीॲक्टिव्हेट चालत नाही

‘बॅश -सी’ने सुरू झालेला शेल तुमची ‘.बॅशआरसी’ ही सेटिंगची फाइल वाचत नाही. त्यामुळे तिथे लिहिलेले एलियस (कमांडची आखूड नावं) आणि फंक्शन आत मिळत नाहीत. शेवटच्या ‘एक्झेक बॅश’ने आलेला शेल ती वाचतो, म्हणून हाताने तीच कमांड दिली की चालते आणि आपण बुचकळ्यात पडतो.

उलटी अडचण व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटची. ‘सोर्स .व्हेन्व्ह/बिन/ॲक्टिव्हेट; एक्झेक बॅश’ केल्यावर पायथॉन योग्यच मिळतो, कारण पाथ (प्रोग्राम कुठे शोधायचे ती यादी) एक्सपोर्ट झालेला असतो आणि नव्या शेलपर्यंत पोचतो. पण एन्व्हायर्नमेंट बंद करणारं ‘डीॲक्टिव्हेट’ हे फंक्शन असतं, ते ‘एक्झेक’मध्ये गळतं. प्रॉम्प्टच्या सुरुवातीला दिसणारं एन्व्हायर्नमेंटचं नावही ‘.बॅशआरसी’ प्रॉम्प्ट नव्याने रचताना जातं.

दोन्हींवर एकच चांगला तोडगा आहे: शेलला सुरुवातीला वाचायची फाइलच वेगळी द्यायची. ‘~/दुकान/सुरुवात’ नावाच्या फाइलमध्ये लिहा:

```
सोर्स ~/.बॅशआरसी
सीडी ~/दुकान
सोर्स .व्हेन्व्ह/बिन/ॲक्टिव्हेट
पायथॉन मॅनेज.पीवाय रनसर्व्हर
```

आणि उघडा असं:

```
ग्नोम-टर्मिनल -- बॅश --आरसीफाइल ~/दुकान/सुरुवात
```

हा शेल पहिल्यापासून आपल्याशी बोलणारा आहे, म्हणून ‘एक्झेक’ची गरज नाही. एलियस आहेत, डीॲक्टिव्हेट आहे, सर्व्हर थांबवला की प्रॉम्प्ट मिळतो. रोजच्या कामाला मला हीच पद्धत सर्वांत जास्त आवडते. फाइल बनवायचा कंटाळा करून तिथे ‘<( )’ची युक्ती (कमांडचं लिहिलेलं फाइलसारखं पुढे देणारी) वापरू नका. नवी विंडो तुमचा शेल उघडत नाही, मागे चालू असलेला ग्नोम टर्मिनलचा सर्व्हर उघडतो. तुमच्या शेलने तयार केलेली ती तात्पुरती नळी त्याला दिसत नाही.

तीन विंडो, एक स्क्रिप्ट

```
#!/बिन/बॅश
विंडो() {
  ग्नोम-टर्मिनल --टायटल="$१" -- बॅश -सी '
    ट्रॅप : आयएनटी
    सीडी ~/दुकान || एक्झेक बॅश
    सोर्स .व्हेन्व्ह/बिन/ॲक्टिव्हेट
    इव्हॅल "$१"
    एक्झेक बॅश' _ "$२"
}
विंडो सर्व्हर 'पायथॉन मॅनेज.पीवाय रनसर्व्हर'
विंडो वर्कर 'सेलरी -ए दुकान वर्कर -एल इन्फो'
विंडो लॉग 'टेल -एफ लॉग/ॲप.लॉग'
```

सेलरीच्या ‘-ए’मधला ए मोठा. ‘टेल’ला लहान एफ पुरतो, पण लॉग फाइल रोज बदलून नवी होत असेल तर मोठा एफ द्या, तो नव्या फाइलच्या मागे जातो. फाइल ‘सीएचमॉड +एक्स’ने चालवण्याजोगी करा. ‘इव्हॅल’ मिळालेला मजकूर जसाच्या तसा चालवतो, म्हणून तिथे फक्त स्वतः लिहिलेल्या कमांड जाऊ द्या, बाहेरून आलेलं काही नाही. उबुंटूवर विंडोचं शीर्षक सर्व्हर चालू असेपर्यंत टिकतं, प्रॉम्प्ट आला की तो ते बदलतो.

ग्नोम टर्मिनल विंडो उघडली की लगेच परत येतं, आतलं काम संपायची वाट पाहत नाही. म्हणून तिन्ही विंडो जवळजवळ एकदमच सुरू होतात. वर्करला रेडिस (कामांची रांग सांभाळणारा प्रोग्राम) आधी तयार लागतो, तर त्याच्या मजकुरात वाट पाहायला लावा:

```
अन्टिल रेडिस-सीएलआय पिंग; डू स्लीप १; डन
```

अंदाजाने ‘स्लीप १०’ टाकण्यापेक्षा हे बरं. मशीन संथ असलं तरी चुकत नाही, वेगवान असलं तरी उगाच थांबत नाही. एखादी विंडो पुरी होईपर्यंत स्क्रिप्टलाच थांबवायचं असेल तर ग्नोम टर्मिनलला ‘--वेट’ द्या.

वेगळ्या विंडोंऐवजी टॅब हवे असतील तर ‘--टायटल’च्या आधी ‘--टॅब’ लिहा. विंडोची जागा ठरवायची इच्छा मात्र वेलँड या पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या यंत्रणेवर सोडून द्यावी लागते. तिथे कोणताही प्रोग्राम स्वतःची जागा स्वतः ठरवू शकत नाही. आकार तेवढा ‘--जॉमेट्री’ने देता येतो. टर्मिनलचा ८० स्तंभ आणि २४ ओळी हा नेहमीचा आकार १९७८च्या व्हीटी-१०० या यंत्राचाही होता, तो आजही चालत आलाय.

दुसरं टर्मिनल असेल तर

बॅशला द्यायचा मजकूर सगळीकडे तोच, फक्त पुढचा भाग बदलतो. केडीईच्या कॉन्सोलला ‘कॉन्सोल -ई बॅश -सी’, आणि विंडो टिकवायला आधी ‘--होल्ड’. एक्सटर्मला ‘एक्सटर्म -होल्ड -ई बॅश -सी’. त्याचा ‘-ई’ नेहमी शेवटी, त्यानंतर टर्मिनलचा दुसरा पर्याय चालत नाही. एक्सएफसीईच्या टर्मिनलला ‘-ई’ आख्खी कमांड एकाच अवतरणात मागतो, म्हणून तिथे ‘-एक्स’ वापरा, तो पुढचं सगळं कमांड म्हणून घेतो. फेडोरा ४१ आणि उबुंटू २५.१० पासून मूळ टर्मिनल टिक्सिस आहे. त्यालाही ‘--’ चालतं, नवी विंडो हवी तर ‘--न्यू-विंडो’ जोडा.

डेबियन आणि उबुंटूवर ‘एक्स-टर्मिनल-एम्युलेटर’ या नावाने जे मूळ टर्मिनल असेल ते उघडतं. सहकाऱ्यांना वाटायच्या स्क्रिप्टमध्ये हे नाव उपयोगी पडतं. त्याला कमांड देताना ‘-ई’ लागतो.

काम दूरच्या सर्व्हरवर असेल तर एसएसएचला ‘-टी’ विसरू नका. त्याशिवाय पलीकडे खरं टर्मिनल मिळत नाही आणि शेवटचा शेल मुका राहतो:

```
ग्नोम-टर्मिनल -- एसएसएच -टी सर्व्हर 'ट्रॅप : आयएनटी; सीडी /व्हार/लॉग && टेल -एफ सिसलॉग; एक्झेक बॅश'
```

तिथे विंडो उघडण्यापेक्षा टीमक्स (टर्मिनलमधलं काम मागे जिवंत ठेवणारा प्रोग्राम) बरा. जोडणी तुटली तरी काम चालू राहतं:

```
टीमक्स न्यू-सेशन -डी -एस दुकान
टीमक्स सेंड-कीज -टी दुकान 'सीडी ~/दुकान && एलएस' एंटर
टीमक्स अटॅच -टी दुकान
```

एंटरचं पहिलं अक्षर मोठं. ‘सेंड-कीज’ जणू आपणच टाइप करतोय अशी अक्षरं आत पाठवतो, म्हणून इथे एलियसही चालतात आणि विंडो मिटायचा प्रश्नच उरत नाही.

शेवटी, स्क्रिप्ट आयकॉनवर ठेवायची असेल तर ‘.डेस्कटॉप’ फाइलच्या ‘एक्झेक’ ओळीत ‘&&’ आणि अर्धविराम लिहू नका. ती ओळ शेलकडे जात नाही, ती चिन्हं साधी अक्षरं म्हणून प्रोग्रामला मिळतात. तिथे फक्त स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता द्या, ‘~’ न वापरता, आणि ‘टर्मिनल’ समोर ‘फॉल्स’ लिहा, कारण विंडो आपली स्क्रिप्ट स्वतःच उघडते.